सासूबाईंचा शॉवर आणि माझं विज्ञान

गेल्या डिसेंबरात आमच्या घरात सलग अकरा दिवस एकाही माणसाची आंघोळ धड झाली नाही, आणि त्या काळात आंघोळ हे खातं माझ्याकडे होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यातलं निम्मं त्यामुळेच घडलं. उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण मी इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतून उठवून विचारलंत तरी आकृतीसकट सांगेन. अशा बाईच्या स्वतःच्या घरात शॉवरचं पाणी आधी भाजतं आणि मग गारठवतं, हे तिला सहन कसं व्हावं? (घरातल्या बाकीच्यांना पाणी सहन होत नव्हतं. माझं दुःख त्याहून वरच्या पातळीवरचं होतं.)

जुळे सोलापुरातलं आमचं घर बावीस वर्षांचं. गच्चीवर थंड पाण्याची काळी टाकी, तिच्याशेजारी सोलर, आणि तिथून खाली उतरणारे दोन पाईप, एक गरमचा, एक थंडचा. आमच्याकडच्या पाण्यात क्षार एवढे की नवी बादली महिन्याभरात म्हातारी दिसायला लागते. मग बावीस वर्षांच्या पाईपांची आतून काय दशा झाली असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. पाणी येत होतं, तेवढं पुरे होतं.

शॉवर खालच्या बाथरूममध्ये. घर बांधताना हौसेनं बसवला आणि मग वीस वर्षं त्याला कुणी हात लावला नाही, कारण आम्ही सगळे बादलीवाले. त्याच्या दांडीवर टॉवेल मात्र छान वाळायचा. त्याला खरं काम मिळालं ते दोन वर्षांपूर्वी, सासूबाईंचा उजवा खांदा आखडला तेव्हा.

सासूबाई अक्कलकोटच्या. वय अठ्ठ्याहत्तर. भांडण मराठीत, देवाशी बोलणं कन्नडमध्ये, आणि मनातून घाबरल्या की दोन्ही एकदम. खांदा आखडल्यावर तांब्या डोक्यापर्यंत जाईना. मी पाणी घालते म्हटलं. दोन दिवस त्यांनी मान खाली घालून पाणी घालून घेतलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आज आंघोळ नको, अंग कसकसतंय. चौथ्या दिवशीही कसकसत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कसकसत काहीच नाही, सुनेसमोर तसं बसणं त्यांना नकोय.

मग शॉवर. त्यांना पटवायला मला महिना लागला. वरून पडणाऱ्या पाण्याखाली बसायला मी काय म्हैस हाय का, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शेवटी मी एक प्लास्टिकची खुर्ची आत ठेवली, दोन्ही नळांवर लाल नेलपेंटनं खुणा केल्या, आणि गरमचा नळ दीड फेरा, थंडचा अर्धा, असं पाठ करून घेतलं. पहिल्या दिवशी त्या पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा गाल गुलाबी, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी न सांगता खुर्चीवर हजर. आतून कडी लावून. ती कडी लावल्याचा आवाज मला दर सकाळी फार बरा वाटायचा. आत बसून त्या अक्कलकोटच्या समस्त नातेवाइकांची कन्नडमध्ये उजळणी करत, आणि ती संपली की आंघोळ संपली असं आम्ही समजायचो.

हे सगळं दोन वर्षं सुरळीत चाललं आणि एका मंगळवारी आतून "अय्यय्यो!" ऐकू आलं.

मी पोळी तव्यावर टाकून धावले. मिनिटभरानं दुसरा "अय्यय्यो" आला, पण तो वेगळ्या जातीचा. पहिला भाजल्याचा होता, दुसरा गारठल्याचा. थोड्या वेळानं त्या कसंबसं लुगडं गुंडाळून बाहेर आल्या. पाठ थोडी लाल झाली होती, बाकी काही नाही. पण चेहरा पडला होता. पहिल्यांदा बिसी आलं (बिसी म्हणजे गरम), नळ कमी करायला गेले तर एकदम बर्फ, असं त्यांनी सांगितलं. मग खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बसूला फोन लाव. त्याच्याकडं बादली हाय. बादलीतलं पानी मधीच मत बदलत न्हाई."

बसू, म्हणजे बसवराज, माझा धाकटा दीर. अक्कलकोटला असतो. त्याच्या घरी शॉवर नाही, म्हणजे तिथं जाऊबाई तांब्यानं पाणी घालणार, आणि सासूबाईंना पुन्हा मान खाली घालून बसावं लागणार. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. म्हणून मला ते लागलं.

मी म्हटलं, मला आठ दिवस द्या, मी शोधून काढते.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाथरूमच्या दाराकडे, आणि आठ दिवस दिले.

माझा नवरा शिवानंद कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आयुष्यभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसल्यामुळे घरातही हळूच बोलतो. तो हळूच म्हणाला, बाशाभाईला बोलावू या. बाशाभाई आमचे प्लंबर; घराचं सगळं नळकाम त्यांच्या हातचं. मी म्हटलं, प्लंबर येऊन ठोकाठोकी करणार, पाणी सुरू होणार आणि निघून जाणार. मला कारण कळलं पाहिजे. तो म्हणाला, आईला पाणी मिळालं तर चालेल की. हे त्यानं इतकं हळू म्हटलं की मला ऐकू आलं नाही असं मी धरून चालले.

माझा पहिला अंदाज शास्त्राला धरून होता. कुणीतरी आंघोळीच्या वेळी दुसरा नळ उघडतं, थंडचा दाब कमी होतो, म्हणून शॉवर भाजतो. उपाय सोपा. साडेसात ते सव्वाआठ या वेळात घरातला एकही नळ उघडायचा नाही. मी फडताळाच्या दारावर कागद चिकटवला. शिवानंद दाताला पेस्ट लावून अंगणात उभा राहायचा, चूळ भरायला परवानगी नाही म्हणून. भांडी घासणाऱ्या बाई हातात राख नि चोथा घेऊन दारात बसायच्या. सगळं घर श्वास रोखून थांबलेलं, आणि आतून आधी एक "अय्यय्यो", मग दुसरा. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. गुरुवारी शिवानंदनं पेस्ट गिळली.

शुक्रवारी मी शॉवरच्या चाळणीवर आले. क्षारांनी भोकं बुजली असणार, मग पाणी नीट मिसळणार कसं? (आता लिहिताना मलाही दिसतंय की पाणी नळाशी मिसळतं, चाळणीत नाही. त्या वेळी दिसलं नाही. वर्गात एखाद्या मुलीनं असं उत्तर दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.) शाळेतून आल्यावर स्टुलावर चढून मी चाळणी काढली, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवली, शनिवारी सकाळी टाचणीनं एकेक भोक उघडलं आणि परत बसवली. काम सुंदर झालं. फक्त एक रबरी वायसर पातेल्यात राहून गेला, तो भांडी घासणाऱ्या बाईंनी कचऱ्यात टाकला.

चाचणी मी स्वतः घेतली. नळ सोडला. चाळणीतून पाणी आलं नाही, तिच्या बाजूनं आलं, आडवं, थेट दारामागच्या खुंटीवर. तिथं शिवानंदची इस्त्रीची पँट होती. मी नळ बंद करायला वळले तेवढ्यात चाळणीनं जागा सोडली आणि माझ्या डोक्यावर आली. टेंगूळ इतकं ठळक होतं की शाळेत तीन सहशिक्षिकांनी, घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून बाजूला घेऊन विचारलं. मी खरं सांगितलं. एकीचाही विश्वास बसला नाही. शिवानंदला भेटल्यावर त्या अजूनही जरा तुटक बोलतात, आणि या संपूर्ण प्रकरणात खरा अन्याय झाला असेल तर तो त्याच्यावर.

सासूबाईंनी टेंगळाला हळद लावली. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की शैला, ऱ्हाऊ दे आता. पण मला आठ दिवस दिलेले होते आणि त्यातले तीन शिल्लक होते.

रविवारी मी गच्चीवर गेले. आता माझी खात्री पटली होती की सोलरच्या पाईपात हवा अडकलीय. हवेचा बुडबुडा मध्ये आला की गरम पाणी थांबतं, सरकला की पुन्हा येतं. सोलरच्या टाकीच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह असतो, तो अर्धा मिनिट उघडला की सगळी हवा निघून जाईल, असा माझा हिशेब. शिवानंदला मी खाली शॉवरपाशी मोबाईल देऊन उभं केलं आणि गाऊनवर ओढणी घेऊन, हातात खलबत्त्यातला बत्ता घेऊन वर चढले. (पाना सापडला नाही.)

व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत कुणी फिरवलेला नव्हता. आधी हातानं बघितलं, मग बत्त्यानं दोन हलके ठोके दिले, मग दोन जरा कमी हलके. तो फिरला. पूर्ण फिरला. आणि त्याची मूठ माझ्या हातात आली.

पाणी असं काही सुटलं की मी मागे टाकीवर जाऊन आदळले. रात्रभर तापून राहिलेलं पाणी, डिसेंबरची सकाळ, गच्चीभर वाफ. मी फोन कानाला लावला.

"आलं का?" मी विचारलं.

"काय?"

"पाणी हो!"

"नाही," शिवानंद म्हणाला. "इथं काहीच आलं नाही."

समोरच्या गच्चीवर मुलाणी सर उन्हात पेपर वाचत बसले होते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी पेपर खाली केला, घडी घातली, उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, गल्लीत गरम पाणी वाहतंय. तुमचंच आहे काय?"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. पन्हाळीतून धार पडत होती आणि गल्लीतल्या दोघीजणींनी तिच्याखाली बादल्या लावल्या होत्या. तिसरी घरातून टब घेऊन पळत येत होती. त्यांतली एक मान वर करून म्हणाली, "बाई, आनी किती येळ येनार हाय?"

मला तेच माहीत नव्हतं. सोलरची टाकी थंडच्या टाकीतून भरते, म्हणजे एक रिकामी होऊ लागली की दुसरी तिला भरत राहते आणि दोघी मिळून रिकाम्या होतात. हे मला पुस्तकात आकृती काढून सांगता आलं असतं. मधला व्हॉल्व्ह बंद करायला गेले तर तो जागचा हलेना, आणि बत्त्यावरचा माझा विश्वास एव्हाना उडाला होता. शिवानंद जिना चढून आला, परत खाली गेला, सायकलची जुनी ट्यूब आणि एक फडकं घेऊन आला आणि त्यानं ते भोक बुजवलं. तोवर दोन्ही टाक्यांच्या तळाला वीतभर गाळ उरला होता.

सोलापुरात राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागणार नाही. नळाला पाणी रोज येत नाही. रविवार होता, आणि आमच्या भागाची पाळी मंगळवारी.

त्या संध्याकाळी मुलाणी सरांनी त्यांच्या हौदातून पाईप टाकून आमचे हंडे भरून दिले. पिण्याची, स्वयंपाकाची सोय झाली. आंघोळीला मात्र सोमवारी सकाळी आम्ही तिघं खांद्यावर टॉवेल टाकून ओळीनं रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो. रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून आम्हांला जाऊ दिलं. सरांच्या पत्नीनं, सगळी गल्ली त्यांना चाची म्हणते, सासूबाईंना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि आपल्या हातानं पाणी घातलं. वर गरम चहा आणि नानकटाई. दोघी पुष्कळ हसल्याचा आवाज येत होता.

परत येताना रस्त्याच्या मध्यावर सासूबाई थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "चाचीनं लई मायेनं घातलं. पन दुसऱ्याच्या हातानं आंगूळ केली की मी ल्हान झाल्यागत वाटतं गं." आणि चालू लागल्या.

मला त्या दिवशी शाळेत शिकवणं जमलं नाही. मुलांना वाचत बसा म्हणून सांगितलं.

मंगळवारी शिवानंदनं कुठूनतरी नवा व्हॉल्व्ह आणून बसवला, पाणी आलं, टाक्या भरल्या, आणि शॉवर पुन्हा आधी भाजू आणि मग गारठवू लागलं. आठ दिवस संपले होते. माझी पुढची पायरी मोजमापाची होती. प्रयोगशाळेतला तापमापक मी रीतसर वहीत नोंद करून घरी आणला. घरातल्या सहा नळांचं तापमान सकाळ-संध्याकाळ घेतलं. आलेख कागदावर काढला, लाल-निळ्या शाईत, आणि फ्रिजवर लावला. त्यात एक अद्भुत गोष्ट दिसली. पहाटे थंडच्या नळाला कडकडीत पाणी येत होतं. बेसिनला, स्वयंपाकघरात, सगळीकडे. शिवानंदनंही आपल्या परीनं निरीक्षण नोंदवलं. तो म्हणाला, "संडासात फ्लश केला की वाफ येते. माझी तक्रार नाही. बसायला ऊबच मिळते."

यावरून मी निष्कर्ष काढला की बाशाभाईंनी बावीस वर्षांपूर्वी पाईप उलटे जोडलेत.

शिवानंद म्हणाला, मग बावीस वर्षं बरोबर कसं चाललं? मी म्हटलं, काही चुका उशिरा उघडकीला येतात. हे वाक्य मी फार ठसक्यात म्हटलं होतं. ते पुढे मला किती लागू पडणार आहे हे ठाऊक असतं तर हळू म्हटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंनी आपण होऊन बसूला फोन लावला. कन्नडमध्येच बोलत होत्या. माझं कन्नड जेमतेम, पण माझं नाव, पाणी आणि रविवार एवढं कळलं. रात्री त्यांच्या खोलीत डोकावले तर निळी बॅग पलंगावर उघडी होती आणि तिच्यात घडी केलेली तीन लुगडी. त्या मला बघून म्हणाल्या, जरा बदल म्हणून जाते गं, तुझ्यावर राग न्हाई. राग असता तर मला बरं झालं असतं. मी स्वयंपाकघरात येऊन आलेख फ्रिजवरून काढला.

शिवानंदनं मला न विचारता बाशाभाईंना फोन केला. मीही, कुणी केला, असं विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता बाशाभाई आले. दाढी आता पूर्ण पांढरी, खांद्याला तीच कॅनव्हासची पिशवी. शाळेत मी रजा टाकली होती. मी त्यांना सगळा इतिहास सांगितला: दाब, क्षार, हवा, सहा नळ, सकाळ-संध्याकाळ. आलेख परत काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला, रंग चांगले आलेत म्हणाले. मग मी, जरा आडून, पाईप उलटे जोडले गेले असण्याची शक्यता मांडली. ते रागावले नाहीत. चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी फक्त विचारलं, "ताई, घरात नवीन काय बसवलं काय?"

मी म्हटलं, काही नाही.

त्यांनी पिशवी उघडलीच नाही. पालथा हात पाईपाला लावत लावत ते चालत गेले, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसे. बाथरूममधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या मोरीत. आम्ही तिघं त्यांच्यामागून. वॉशिंग मशीनपाशी ते थांबले आणि वाकून बघितलं.

"हे कोन बसवलं?" ते म्हणाले.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती मी आतापर्यंत तुमच्यापासून लपवली असं नाही, मला स्वतःलाच ती आठवली नव्हती. आमच्या सोलापुरी चादरी भिजल्या की माणसाएवढ्या जड होतात आणि थंड पाण्यात त्यांचा मळ निघत नाही. मशीनला पाणी घ्यायला नळी एकच. तेव्हा मी बाजारातून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा एक जोड आणला. त्याचा एक पाय गरमच्या नळाला, दुसरा थंडच्या नळाला, आणि शेपूट मशीनला. दोन्ही नळ कायमचे उघडे, कारण पाणी बंद करायचं काम मशीन स्वतःच करतं. चादरी काय निघाल्या म्हणून सांगू. हे मी बसवलं सोमवारी संध्याकाळी. सासूबाई पहिल्यांदा ओरडल्या मंगळवारी. मध्ये फक्त एक रात्र होती.

बाशाभाईंनी समजावून सांगितलं, शिवानंदला उद्देशून, बहुधा माझी लाज राखायला. मशीन बंद असलं की या जोडातून दोन्ही पाईप एकमेकांना मिळतात. रात्रभर गरम पाणी थंडच्या पाईपात जाऊन बसतं. सकाळी शॉवर सोडला की दोन्ही नळांना गरमच. ते संपलं की थंड पाणी इकडूनही येतं आणि या जोडातून गरमच्या पाईपातही घुसतं. म्हणून आधी भाजतं, मग गारठवतं. आठवीच्या पुस्तकात अभिसरणाचा जो धडा आहे, तो आमच्या मोरीत अकरा दिवस चालू होता.

शिवानंद छताकडे बघत होता. शेवटी सासूबाईंनीच बाशाभाईंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"आमच्या शैलानं बसवलं. यकटीनं. कुनाची मदत घेतली न्हाई."

त्यात टोमणा होता की कौतुक, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

बाशाभाईंनी गरमचा नळ बोटांनी फिरवून बंद केला. झालं. दुरुस्ती एवढीच. बत्ता नाही, ठोकाठोकी नाही. ते म्हणाले, कपडे धुवायच्या वेळी उघडा, झाले की बंद करा. मी त्यांची माफी मागितली, पाईपांबद्दल बोलले त्यासाठी. ते म्हणाले, ताई, असं काय करता, आपलंच घर हाय, आनि अजून एक चहा चालेल.

त्यांनी बंद केलेला नळ मी रविवारच्या सकाळपर्यंत चारदा जाऊन बघून आले. साडेसातला सासूबाई आत गेल्या. कडी लागली. शिवानंद अंगणात, मी पॅसेजमध्ये, दोघंही काही काम नसताना काम करत उभे. नळ फिरल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग आतून एक आवाज सुरू झाला, बारीक, संथ, कन्नड. पहिलं नाव त्यांच्या थोरल्या नणंदेचं होतं. मी पदरानं डोळे पुसले. (साबणाची वाफ.)

दहाच्या सुमारास बसू अक्कलकोटहून गाडी घेऊन आला. आईची बॅग उचलायला खोलीत गेला आणि रिकामीच परत घेऊन आला, लुगडी कपाटात परत गेली होती. सासूबाईंनी त्याला दोन्ही नळांवरच्या खुणा दाखवल्या, दीड फेरा, अर्धा फेरा, आणि एवढ्या लांबनं आलास तर आंघोळ करून जा म्हणून आत ढकललं. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला तो केस पुसत, चेहऱ्यावर तृप्ती.

"वहिनी, काय मस्त पाणी आहे हो," तो म्हणाला. "आई तर फोनवर रडत होती. नेमकं काय केलंत?"

मी उत्तरासाठी तोंड उघडलं. दाब, अभिसरण, वाय, सगळं जिभेवर तयार होतं, आलेखही हाताशी होता. पण सासूबाई मध्येच बोलल्या, अगदी सरळ, मायेनं.

"काल तिनं कायबी केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून तर झालं."

इतकी वर्षं शाळेत दरसाल माझा गोपनीय अहवाल लिहिला जातो. इतका नेमका अजून कुणाला जमलेला नाही.